बाभळीची साल आणि दातामागचं कीटण

स्टीलच्या ट्रेमध्ये पडलेला तो तुकडा तांदळाच्या कणीएवढा होता. एका बाजूने पिवळट, दुसऱ्या बाजूने काळपट हिरवा. दातांच्या डॉक्टरांनी तो चिमट्यात धरून माझ्यापुढे केला. "पिवळं आहे ते हिरडीच्या वरचं. काळं आहे ते आतलं." खुर्चीत आई डोळे मिटून पडली होती, गळ्याभोवती निळा कागदी रुमाल. तिच्या खालच्या पुढच्या दातांमागून असे आणखी सात-आठ तुकडे निघायचे होते. मी त्या कणीकडे बघत राहिले. ज्या हिरड्या बऱ्या झाल्या म्हणून आम्ही दोघींनी दोन वर्षं समाधान मानलं, त्यांच्या आत हा दगड बसून होता.

आईच्या ब्रशला रक्त लागायला लागलं ते दोन वर्षांपूर्वी. आधी कधीतरी, मग रोज. पेरूची फोड चावली तरी फोडीवर लाल खूण. तिला चौदा वर्षांचा मधुमेह. हिरड्यांचा आजार आणि रक्तातली साखर ही दोघं एकमेकांना धरून असतात, एक चढलं की दुसरं चढतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, डॉक्टरांकडे जाऊ. ती म्हणाली, "हिरडीतून रक्त येतंय, त्याला डॉक्टर कशाला? मामाला सांग, बाभळीची साल धाड म्हणावं."

मामाने म्हसवडहून एसटीने पिशवी पाठवली. आई मूठभर साल खलबत्त्यात ठेचायची, दोन पेले पाण्यात टाकून मंद आचेवर निम्मं होईपर्यंत आटवायची. चहाहून गडद, लालसर तपकिरी काढा. कोमट झाला की चिमूटभर सैंधव. मग घोट तोंडात धरून, गाल फुगवून, ओट्यापाशी घड्याळाकडे बघत उभी राहायची. मीही एकदा घेतला. पहिल्यांदा काहीच चव नाही. मग हळूहळू सगळं तोंड आतून आवळत गेलं, आणि जीभ टाळूवर फिरवली तर गोणपाटावर फिरवल्यासारखी वाटली.

तीन आठवड्यांत रक्त थांबलं. आईचा चेहरा खुलला. हिरड्यांचा लाल, फुगीर रंग जाऊन त्या गुलाबी आणि घट्ट दिसायला लागल्या. मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. स्टाफरूममध्ये मी ही गोष्ट दहा जणांना तरी सांगितली असेल. डॉक्टरांकडे जायचं राहिलं ते राहिलंच. आणि मग एका सकाळी आई म्हणाली, "अगं, हा दात जिभेने हलतोय."

बाभळीवरचा आमच्या घरचा विश्वास आजीपासूनचा. माणगंगेच्या काठाला तिची थोडी जमीन होती. नदी म्हणायची, पण वर्षातले बरेच महिने वाळूच. त्या कोरड्यात हिरवं राहायची ती बाभूळ. धनगरांची मेंढरं तिच्याखाली शेंगा वेचत, आणि सकाळी आजी तिच्या खालच्या फांद्या निरखत उभी असायची. पहिली हाताला आली ती काडी ती कधी मोडायची नाही. मला शिकवायची, "कवळी बघ पोरी. निबर काडी हिरडी फाडती." करंगळीएवढी जाड, गाठ नसलेली, सरळ. काटे खुडायचे, टोक दाढेखाली धरून चावत बसायचं, त्याचा कुंचा झाला की एकेक दात घासायचा. शेवटी काडी उभी चिरून तिने जीभ खरवडायची. हे सगळं वीसेक मिनिटं चालायचं, गोठ्याकडे जाता जाता, कुणाशी तरी बोलत.

पुढे केव्हातरी आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याचं दिनचर्येवरचं प्रकरण वाचताना मी थबकले. रुई, वड, खैर, करंज, अर्जुन अशा झाडांची काडी. चवीला तुरट, तिखट किंवा कडू. करंगळीच्या टोकाएवढी जाड, सरळ, बारा अंगुळं लांब, टोक मऊ केलेली. आणि शेवटी दोन शब्द: 'दन्तमांसान्यबाधयन्'. दातांभोवतीच्या मांसाला इजा न करता. आजीला अक्षरओळख नव्हती. पण तिची 'निबर काडी हिरडी फाडती' आणि वाग्भटाचं हे वाक्य एकच आहे. त्याच जागी त्याने हेही सांगितलंय की अपचन झालेल्याने, उलटी होणाऱ्याने, खोकला, दमा, ताप असलेल्याने, तोंड आलेल्याने काडी वापरू नये. आज 'नैसर्गिक आहे, म्हणजे कुणीही कसंही वापरा' असं जे बेधडक सांगितलं जातं, ते या परंपरेतलं नाही.

आजी गेली तेव्हा ऐंशीच्या पुढे होती आणि तिचे बहुतेक दात जागेवर होते. श्रेय अर्थातच बाभळीला गेलं. माझ्या मनात मात्र आता ती वीस मिनिटं येतात. ज्वारीची भाकरी, साखर फक्त पाहुण्यांच्या चहाला, आणि रोज वीस मिनिटं एकेका दातावर फिरणारा कुंचा. बाभळीच्या रसाचं काम किती आणि त्या कुंच्याचं किती, हे आता कोण वेगळं करणार? आईने मात्र रस घेतला आणि कुंचा सोडला.

रसाचं काम खोटं नाही. बाभळीच्या सालीत टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, भरपूर असतं. आपल्याकडे कातडं कमावायला पिढ्यानपिढ्या हीच साल वापरली गेली. कच्चं कातडं सालीच्या पाण्यात भिजलं की त्यातली प्रथिनं टॅनिनशी घट्ट बांधली जातात. ते कुजत नाही. त्रिफळ्यातलं हिरडा हे फळ, त्याचाही तोच गुण आणि तोच उपयोग. भीमाशंकरच्या बाजूला, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करून विकतात. त्यातला बराचसा औषधाला जातो, पण एकेकाळी कातड्याच्या धंद्यालाही तो मोठ्या प्रमाणात लागायचा. (हिरडीला हिरडा, हा आपल्या भाषेने जुळवून दिलेला योग मला फार आवडतो.) तोंडात टॅनिन गेलं की लाळेतल्या आणि हिरडीच्या वरच्या थरातल्या प्रथिनांना ते तसंच बांधतं. म्हणून तोंड आवळतं, सूज ओसरते, रक्त थांबतं. जिवाणूंच्या प्रथिनांनाही ते सोडत नाही.

हे शेवटचं मी स्वतः पाहिलंय. दरवर्षी एम.एस्सी.ची कुणीतरी मुलगी प्रकल्पाला औषधी वनस्पतीच घेते: बाभूळ, कडुलिंब, डाळिंबाची साल, पेरूची पानं, बकुळीची साल. पेट्री बशीतल्या अगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, जिवाणू पसरायचे, अर्कात बुडवलेली कागदाची टिकली त्यावर ठेवायची, रात्रभर ३७ अंशांवर बशी उबवायची. सकाळी झाकण उघडलं की सगळीकडे धुरकट साय आणि टिकलीभोवती स्वच्छ, पारदर्शक खळं. चंद्राला पडतं तसं. ते पट्टीने मोजताना मुलींचे डोळे चमकतात, माझेही चमकतात. मग मी विचारते, नुसत्या अल्कोहोलची टिकली कुठे आहे? अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला असतो, आणि अल्कोहोलचंही खळं पडतं. त्या टिकलीचं खळं बाजूला ठेवून उरेल तेवढंच झाडाचं. बहुतेक वेळा काहीतरी उरतं. ते झाडाचं न्याय्य माप.

पण पुढचा प्रश्न मीच इतकी वर्षं नीट विचारला नव्हता. बशीत आम्ही कोणता जिवाणू पसरतो? मिळायला आणि वाढवायला सोपा म्हणून स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. तो दात किडवणारा. हिरड्या खाणारी मंडळी वेगळी आहेत. त्यांच्यातला सगळ्यात अभ्यासलेला पॉर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस हवेत जगतच नाही. त्याला हवाबंद भांडं लागतं, रक्त घातलेलं अगर लागतं, आणि काही दिवस धीर धरला की बशीवर काजळाच्या ठिपक्यांसारख्या काळ्या वसाहती उगवतात. तो राहतो तिथेही हवा पोचत नाही: दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत. निरोगी तोंडात ही फट एक ते तीन मिलिमीटर खोल. त्यापुढे खोल गेली की दातांचे डॉक्टर तिला 'पॉकेट' म्हणतात. आईच्या हलणाऱ्या दातापाशी ते सात मिलिमीटर होतं. तोंडात कितीही वेळ घोळवलेला काढा त्या खिशाच्या तळाला जात नाही.

आणि बशीवर जिवाणू उघडे पसरलेले असतात. दातावर ते घर बांधून राहतात. एकावर एक थर, वरून स्वतःच तयार केलेला चिकट गिलावा. सकाळी नखाने दात खरवडला तर जे पांढुरकं मऊ हाताला येतं, ते हे घर. उघड्यावर मरणारा जिवाणू या घरात तेवढ्याच औषधाला दाद देत नाही. हे नव्या काळातलं ज्ञान म्हणून मी शिकवत आले, पण हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेवेनहुकने १६८३ च्या पत्रात हे पाहून ठेवलं होतं. कापडाचा व्यापारी, घरी घासलेल्या भिंगांतून जग बघणारा. त्याने स्वतःच्या दातांमधला पांढरा थर भिंगाखाली धरला, त्यात वळवळणारे जीव पाहिले. त्या थरात शिरका मिसळला तर ते मरत. मग त्याने तोंडात शिरका धरून चूळ भरली, पुन्हा थर काढून पाहिला, तर आत जीव जिवंतच. शिरक्याने फक्त बाहेरचे मारले, थराच्या आत तो गेलाच नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. शिरक्याच्या जागी मी आमचा काढा ठेवून पाहिला, आणि आईची दोन वर्षं मला कळली.

त्यातही थर मऊ आहे तोवर बरं. तो काढला नाही, तर लाळेतलं कॅल्शियम त्यात बसायला लागतं आणि काही दिवसांत त्याचा दगड होतो. ते कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या मागेच ते जास्त का जमतं, तर जिभेखाली लाळेच्या नळ्यांची तोंडं तिथेच उघडतात. कीटण बसलं की ब्रश, काडी, मीठ, काढा, कशानेही जात नाही. ते अवजारानेच काढावं लागतं. त्याचा पृष्ठभाग खरबरीत, त्यावर नवा थर आणखी लवकर धरतो. हिरडी मागे सरते, खालचं हाड झिजतं, दात सुटतो. वरून मात्र टॅनिनने आवळलेली गुलाबी हिरडी. रक्त हा ओरडून सांगणारा गडी होता. आम्ही आजाराला हात न लावता त्याचं तोंड बंद केलं.

डेन्मार्कमधल्या आर्हुसला १९६५ मध्ये हॅराल्ड लो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावलं, आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. औषध काही दिलं नव्हतं. थर येऊ दिला की आजार, थर काढला की आराम. मी हा प्रयोग वर्गात कितीदा सांगितलाय. घरी आईला एकदाही सांगितला नाही, हे मला अजून बोचतं.

आईचा दात हलल्यावर मी ग्रंथालयातून सुश्रुत आणला. मनात होतं, हिरड्यांवरच्या वनस्पती शोधाव्यात. त्या सापडल्या. हिरड्यांतून रक्त येतं त्याला सुश्रुत शीताद म्हणतो, आणि गुळण्यांना सुंठ, मोहरी, त्रिफळा, नागरमोथा सांगतो. पण त्या आधी दूषित रक्त काढून टाकायला सांगतो. आणि कीटणाला त्याच्याकडे वेगळं नाव आहे, दन्तशर्करा. तिच्यासाठीची ओळ वाचून मी पुस्तक मिटून तशीच बसून राहिले: 'अहिंसन् दन्तमूलानि शर्करामुद्धरेद् भिषक्'. दातांच्या मुळांना न दुखवता वैद्याने शर्करा उपटून काढावी. त्यानंतर लाखेचं चूर्ण मधात कालवून चोळावं. आधी अवजार, मग वनस्पती. ज्या परंपरेच्या भरवशावर आई डॉक्टरांकडे जात नव्हती, ती परंपरा तिला डॉक्टरांच्याच खुर्चीत बसवत होती. आपण या ग्रंथांतल्या जडीबुटी तेवढ्या उचलल्या आणि त्यांची क्रमवारी तिथेच ठेवून आलो.

मी ती ओळ आईला वाचून दाखवली. तिने ती पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "उद्याची वेळ घे."

गावाकडच्या आणखी एका वनस्पतीबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आजीची धाकटी जाऊ मिसरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तो धूर घरभर, मग चुरून डबीत भरायची. सकाळी उंबऱ्यावर बसून तर्जनीने दातांवर, हिरड्यांवर फिरवत राहायची. आधी एकदा, मग दुपारी, मग कामातून दम घ्यायला म्हणून चार-पाचदा. "मिसरीनं हिरड्या घट्ट राहत्यात," ती सांगायची, आणि तिच्या हिरड्यांतून रक्त कधी यायचं नाही हे खरं होतं. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून यायचं नाही. पन्नाशीत तिच्या तोंडात मोजून सहा दात उरले. तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. सातारा, सोलापूर, सांगली, मराठवाडा, कुठेही जा, वयस्क बायांच्या कनवटीला ती डबी अजून सापडेल, आणि तरुण मुलींच्याही. दात घासायचं म्हणून सुरू झालेलं हे व्यसन कुणी व्यसन म्हणून मोजतच नाही. घट्ट दिसणारी हिरडी म्हणजे बरी हिरडी नव्हे, हे माझ्यासमोर उंबऱ्यावर बसलेलं होतं आणि मी ते ओळखलं नाही.

बाकी झाडांचं काय म्हणाल, तर त्यातली कितीतरी कामाची आहेतच. दातांच्या दवाखान्यात शिरताच जो वास येतो तो लवंगेचा. तिच्यातलं युजेनॉल झिंक ऑक्साइडमध्ये कालवून डॉक्टर तात्पुरतं दात भरतात. ओव्यातलं थायमॉल लिस्टरिन या चूळ भरायच्या औषधात आहे. त्रिफळ्याच्या गुळण्यांची तुलना क्लोरहेक्झिडीनशी, म्हणजे दातांचे डॉक्टर देतात त्या जंतुनाशक गुळणीशी, करणाऱ्या चाचण्या आपल्याकडच्या दंतमहाविद्यालयांत झाल्यात, आणि काहींत त्रिफळा जवळपास बरोबरीने उतरला. चाचण्या लहान आणि थोड्या आठवड्यांच्या आहेत, पण त्या पुढे न्याव्यात इतकं बळ त्यांत नक्की आहे. क्लोरहेक्झिडीनने दातांवर तपकिरी डाग येतात, चव बिघडते, ते महिनोन्‌महिने वापरता येत नाही. आणि त्यानेही कीटण निघत नाही, उलट थोडं वाढतं. म्हणजे मर्यादा झाडाची म्हणून नाही. कोणत्याही गुळणीची तीच आहे. लवंगेचं तेल मात्र कापसावर थेट घेऊन हिरडीवर दाबू नका, मांस भाजतं. कोळसा, राखुंडी, विटेची पूड तर नकोच. दाताच्या मानेशी खाच पडते.

आईचा एक दात गेला. बाकीचे राहिले. चार वेळा जावं लागलं, बधिर करून आतलं कीटण खरवडलं, साखरेच्या गोळ्या बदलल्या. दोन दातांच्या मधून फिरवायचा बारीक ब्रश ती शिकली. सुरुवातीला चिडायची, आता त्याशिवाय झोपत नाही. बाभळीची साल बंद केलेली नाही. मी डॉक्टरांना विचारलं होतं, त्या म्हणाल्या, घेऊ दे, घासून झाल्यावर. तेव्हा रात्री आधी ब्रश, मग तो बारीक ब्रश, आणि मग ओट्यापाशी गाल फुगवून घड्याळाकडे बघत उभं राहणं.

परवा तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होती. डॉक्टर बारीक खुणांची सळई एकेका दातापाशी उतरवून आकडे सांगत होत्या आणि सहायक मुलगी लिहून घेत होती. तीन, दोन, तीन. दोन, दोन, तीन. तीन, चार, तीन. आईने हात वर केला. त्यांनी सळई बाहेर घेतली.

"चार कुठं आलं?" आईने विचारलं. "मला आरशात दाखवा."